हंसाची रिकामी जागा

१

सकाळी पान्यांची पेटी घेऊन मिस्त्री लाकडी घोड्यांच्या चक्रीवर चढले आणि लगेच उलट्या पावली खाली उतरले. घोडे सगळे जागच्या जागी होते. पांढरे, तपकिरी, एक डोळा उडालेला काळा. पण काळ्याच्या मागे दोघांना बसता येईल असा जो लाकडी हंस होता, त्याच्या जागी नुसती उघडी फळी होती.

मिस्त्री बाग ओलांडून धावतच हॉटेलच्या मागच्या दारात आले. "फौजदारबाई, हंस उडाला!"

फौजदारबाईंच्या हातात चहाचा कप होता. पोलिसातून निवृत्त झाल्यावर त्या समुद्रकाठच्या या हॉटेलात सुरक्षाप्रमुख म्हणून लागल्या होत्या. पद भारदस्त होतं, पण काम बहुतेक पाहुण्यांचे हरवलेले चष्मे शोधण्याचं. त्यांनी कप खाली ठेवला.

"लाकडाचा हंस उडत नाही, मिस्त्री. चला, दाखवा."

घोड्यांची ती चक्री हॉटेलच्या बागेत, किनाऱ्याकडच्या बुटक्या भिंतीला लागून होती. शहरात फिरायला आलेली माणसं आधी दीपगृह बघायची, मग मत्स्यालय, आणि उन्हं कलली की चक्रीत बसायला यायची. आता मात्र मॅनेजरना तिथे पाण्याची घसरगुंडी हवी होती. चक्री एका दूरच्या संग्रहालयाने घेतली होती, संध्याकाळी ट्रक येणार होता, आणि तो यायच्या आत मिस्त्रींनी सगळं सुटं करून ठेवायचं होतं.

फौजदारबाई गुडघे टेकून फळीवर वाकल्या. हंसाला धरून ठेवणारे बोल्ट चोराने काढले होते. काढून फेकले नव्हते, पुन्हा आपापल्या भोकात घालून वरून नट फिरवून ठेवले होते.

"हे तुम्ही बसवलेत?"

"मी कशाला बसवू? मी काल संध्याकाळी तेल तेवढं सोडलं होतं, आज सुटायला बरं म्हणून. चोराचीच सोय केली म्हणायची!" मिस्त्रींनी कपाळावर हात मारला.

भिंतीतल्या छोट्या फाटकाला कुलूप होतं, तेही धड. म्हणजे किल्लीने उघडलं आणि किल्लीनेच लावलं. फाटकाबाहेर कोरड्या वाळूत आरामखुर्च्या वाहायच्या हातगाडीची चाकोरी होती. ती सरळ समुद्राकडे गेली होती आणि भरतीच्या पाण्यात शिरून नाहीशी झाली होती. गाडी मात्र भिंतीशी होती, रोजच्या जागी.

मॅनेजर टाय सावरत आले. त्यांनी चाकोरी बघितली आणि चुटकी वाजवली. "होडी! होडीत घालून नेला. फौजदारबाई, ट्रक यायच्या आत हंस मिळाला तर ठीक, नाहीतर मी पोलिसांना बोलावणार. आणि पहिलं नाव कोणाचं द्यायचं ते मला आत्ताच माहीत आहे."

"कोणाचं?"

"या फाटकाची किल्ली एकाच माणसाकडे असते."

ती तिकीटताईकडे असे.

२

चक्रीशेजारच्या लाकडी खोपटात तिकीटताई नेहमीसारखी बसली होती. आज तिकिटं फाडायची नव्हती, तरी खिडकी उघडी होती. चाळिशी कधीच ओलांडलेली, केस चापून बांधलेले. आवाज असा, की भांडणारी गिऱ्हाइकंही तिच्याशी हळू बोलायला लागायची.

"ताई, किल्ली कुठे आहे?"

तिने पदराच्या टोकाची गाठ सोडून किल्ली दाखवली.

"कोणाला दिली होतीत?"

"ती माझ्यापाशीच असते."

"मी ते विचारलं नाही."

तिकीटताई खिडकीतून बाहेर, किनाऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून मला टॉवेल घडी करायच्या खोलीत पाठवणार आहेत. तिला खिडकीच नाही. इथून निदान समुद्र तरी दिसतो."

फौजदारबाई खोपटाच्या पायरीवर टेकल्या. खुर्चीत बसून प्रश्न विचारले की माणसं आखडतात, पायरीवर बसलं की सैल होतात, हा त्यांचा नोकरीतला अनुभव.

"आम्हीसुद्धा समुद्रासाठीच येणार होतो इथे," त्या म्हणाल्या. "माझी बदली एका गावी, ह्यांची शाळा दुसऱ्या गावी. सगळा संसार असाच गेला. निवृत्त झालो की समुद्राकाठी एकत्र राहू, असं दोघांचं ठरलेलं होतं. खरं म्हणजे मी रजा टाकून केव्हाही जाऊ शकले असते. त्यांनी 'ये' म्हणावं म्हणून मी थांबले. मी कामात, म्हणून ते बोलले नाहीत. आणि मग एक दिवस त्यांच्या शाळेतून फोन आला."

तिकीटताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"हंस तुम्ही घेतलात का?"

"मी काय करू त्याचं? मी त्यात कधी बसलेसुद्धा नाही. मी बसले असते तर तिकिटं कोणी फाडली असती?"

ती हसली आणि डोळे पुसायला हात वर केले. फौजदारबाईंना तिचे तळवे दिसले. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, ताजे फोड आले होते. वाळूत रुतलेली जड गाडी ढकलली की येतात तसे.

३

फोड बघून घेऊन फौजदारबाई पायरीवरून उठल्या. तो हंस एकट्या बाईला उचलणं शक्यच नव्हतं. गाडीवर चढवायला आणखी कोणीतरी हवं होतं, आणि ते कोण हे तिकीटताई मारूनसुद्धा सांगणार नव्हती.

संग्रहालयवाल्या बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. करड्या केसांच्या, काठी बाळगणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या. ट्रकबरोबर परत जायचं म्हणून त्या आदल्या दिवशीच हॉटेलात उतरल्या होत्या.

"तुमचा माझ्यावर संशय असेल तर तो बरोबरच आहे," त्या आपणहून म्हणाल्या. "मला घोडे नकोच होते. ते साच्यातले, असे कुठेही मिळतात. मी चक्री घेतली ती हंसासाठी."

"इतकं काय आहे त्यात?"

"तुम्ही रोज बघता आणि मला विचारता?" बाई पुढे झुकल्या. "त्याच्या पंखांवरची पिसं बघा कधीतरी. एकासारखं दुसरं नाही. एक जरा दुमडलेलं, एक वाऱ्याने उलटलेलं, एक नुकतं फुटलेलं. कोरणारा माणूस जिवंत पक्ष्यापाशी दिवसेंदिवस बसला असणार. त्याचं नाव मी या शहरात सगळ्यांना विचारलं. मॅनेजर म्हणाले, हॉटेलने जागा घेतली तेव्हा चक्री आयतीच मिळाली. हंसाच्या मानेला चीर गेली आहे. ती बुजवायला मला हाच हात हवा होता. आता हातही नाही आणि हंसही नाही."

त्यांचा आवाज कापला. आपलं कधीच नसलेलं काहीतरी हरवल्यासारखा. बाईंनी सोंग आणलं असेल तर त्या फार पोचलेल्या असायला हव्यात, आणि पोचलेली माणसं फौजदारबाईंनी पुष्कळ पाहिली होती. ही त्यातली वाटेना.

फौजदारबाई बागेत आल्या आणि भिंतीवर कोपरं टेकून समुद्राकडे बघत उभ्या राहिल्या. भरती आता पुरी चढली होती. पहाटे त्या इथेच फेरी मारून गेल्या होत्या, तेव्हा पाणी पार लांब होतं आणि ओहोटीने उघडे पडलेले काळे खडक दात काढून बसले होते.

काळे खडक! फौजदारबाई ताठ झाल्या.

ते खडक उघडे असताना कुठलीच होडी काठाला लागत नाही. लागली तर फुटते. हंस संध्याकाळी मिस्त्री घरी गेले तेव्हा होता, त्या पहाटे गेल्या तेव्हाही घोड्यांमागे त्याची मान दिसली होती, आणि मिस्त्री आले तेव्हा तो नव्हता. मधल्या तेवढ्या वेळात समुद्रावाटे काहीच गेलं नसणार. गाडी पाण्यापर्यंत नेली होती, ती माग धुऊन निघावा म्हणून. ओल्या वाळूवरून काठाकाठाने ढकलत न्यायची आणि पुढे कुठेतरी वर चढवायची. मागची चाकोरी भरती पुसते, आणि वरच्या कोरड्या वाळूवर फिरायला आलेल्यांचे पाय फिरतात.

हंस किनाऱ्यावरच होता. पण समोरचा किनारा तळहातासारखा सपाट होता. ना झाडी, ना झोपडी. रंगीत छत्र्या, आरामखुर्च्या, आणि ऊन.

एवढा मोठा हंस लपवायचा तरी कुठे?

४

फौजदारबाई चपला हातात घेऊन वाळूतून चालायला लागल्या. त्यांनी छत्र्यांखाली डोकावून पाहिलं, खुर्च्यांच्या चळतींमागे पाहिलं. बटाट्याच्या चकत्या विकणाऱ्याने "काय हरवलं, बाई?" असं विचारलं. "हंस," असं म्हटल्यावर तो बराच वेळ हसला.

थोडं पुढे गर्दी दिसली. मधे वाळूबुवा होते.

वाळूबुवांना सगळा किनारा ओळखत असे. उन्हाने रापलेला, सडसडीत म्हातारा. सकाळी पाण्याजवळच्या ओल्या वाळूत काहीतरी घडवायला घ्यायचे, दिवसभर घडवत राहायचे, आणि भरती आली की ते वाहून जायचं. कधी मगर, कधी किल्ला, कधी नुसता एक झोपलेला माणूस. लोक फोटो काढत. बुवा कधी कोणाशी बोलत नसत.

आज त्यांनी जलपरी केली होती. कुशीवर झोपलेली, एका हातावर डोकं टेकलेली, कंबर उंच, शेपूट लांबवर वळलेलं. इतकी मोठी मूर्ती त्यांनी आजवर केली नव्हती. मॅनेजर इतके खूश झाले होते, की त्यांनी तिच्याभोवती हॉटेलची जाड मखमली दोरी लावून घेतली होती आणि पाटीही रोवली होती, 'आजचे खास आकर्षण'. दोरीजवळ हॉटेलचा शिपाई उभा होता. पाहुणे आळीपाळीने जलपरीशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते.

वाळूबुवा झारीने तिच्यावर पाणी शिंपडत होते. चेहरा मात्र पडलेला. एवढं कौतुक होत असताना माणूस असा का दिसावा, हे फौजदारबाईंना कळेना.

"बुवा, आज लवकर उरकलंत?"

"पहाटेच लागलो," बुवा त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

"आणि इतक्या वर? इथली वाळू कोरडी. पाणी वाहून वाहून दमला असाल."

"खाली भरती येते."

"ती तर रोजच येते की."

बुवा पाणी शिंपडत राहिले. झारी संपली, तरी ते ती तशीच वाकडी धरून उभे राहिले.

फौजदारबाईंनी जलपरीच्या शेपटीकडे पाहिलं. खवले कोरले होते. एक जरा दुमडलेला, एक उलटलेला, एक नुकताच फुटल्यासारखा. एकासारखा दुसरा नव्हता.

त्या तिथून हलल्या आणि मूर्तीभोवती सावकाश एक फेरी मारून आल्या. जे शोधत होत्या ते त्यांना दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणूनच सगळा उलगडा झाला.

५

दुपारच्या उन्हाने गर्दी पांगली. शिपाई जेवायला गेला. फौजदारबाई पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि वाळूबुवांशेजारी वाळूतच बसल्या.

"बुवा, खड्डा कुठे आहे?"

"कसला खड्डा?"

"तुम्ही मगर केलीत की तिच्याशेजारी मगरीएवढा खड्डा पडतो. वाळू उपसल्याशिवाय ढीग होत नाही. आज एवढी थोरली जलपरी झोपली आहे आणि तिच्याशेजारचा खड्डा एका टोपलीचा. मग तिच्या पोटात वाळू नाही, दुसरंच काहीतरी आहे."

बुवांनी बाटली घेतली, पण उघडली नाही.

"होडी काठाला लागणं शक्य नव्हतं, म्हणजे हंस किनाऱ्यावरच," फौजदारबाई शांतपणे पुढे म्हणाल्या. "किल्ली तिकीटताईकडे, आणि तिच्या हाताला फोड. तिच्यासोबत आणखी एक माणूस. ज्याने बोल्ट परत भोकात बसवून ठेवले तो माणूस. चोरणारा कधी बोल्ट जपत नाही. परत आणून बसवणारा जपतो. आणि मघाशी मी खवले बघितले. हंस तुम्ही कोरलात ना?"

बुवांनी जलपरीच्या कमरेवरून तळवा फिरवला.

"तेव्हा मी सुतारकाम करायचो," वाळूबुवा म्हणाले. "चक्रीच्या जुन्या मालकाला आई होती. तिला घोड्यावर बसता येईना, म्हणून त्याने बाक करायला सांगितला. मी हंस केला. पुढे दुकान गेलं, हत्यारं गेली. वाळूला हत्यार लागत नाही. मी दिवसभर करतो आणि समुद्र नेतो, त्याचं मला काही नाही. पण एक गोष्ट त्या भिंतीपलीकडे राहिली होती. जागा हॉटेलची झाल्यापासून मला आत घेत नाहीत. पायाला वाळू असते ना. मी भिंतीवरून बघायचो. मान तेवढी दिसायची."

"आणि आज तो जाणार होता."

"मला तो ठेवून घ्यायचा नव्हता, बाई. कुठे ठेवणार? एक दिवस हवा होता. सकाळपासून प्रत्येक पिसावरून हात फिरवला. लोकांना वाटलं, वाळू थापतोय." ते हसल्यासारखे झाले. "दुपारी सगळे झोपले की परत नेऊन बसवणार होतो. मिस्त्री दुपारनंतर येतील, असं वाटलं होतं. ते सकाळीच आले. आणि मग साहेबांनी दोरी लावली. आता नेऊ कसा?"

"तिकीटताईने किल्ली लगेच दिली?"

"किल्ली मी दिली, गाडीही मी ढकलली," मागून आवाज आला. तिकीटताई उन्हातून चालत आली होती, अनवाणी. "इतकी वर्षं हे भिंतीवरून बघत उभे राहायचे आणि मी खिडकीतून ह्यांना बघायची. काल पहिल्यांदा ह्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं. मी नाही कशी म्हणणार होते?"

वाळूबुवांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. हे त्यांनाही नवीन होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. फोन कानाला लावून मॅनेजर त्यांच्याकडेच येत होते, आणि म्हणत होते, "हो, पोलिस ठाणं का?"

६

"साहेब, फोन ठेवा. हंस सापडला," फौजदारबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"तुमच्या दोरीच्या आत. तुमच्या पाटीखाली. तुमच्या शिपायाच्या पहाऱ्यात."

मॅनेजरना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी पाटीकडे पाहिलं, जलपरीकडे पाहिलं आणि कानाचा फोन खाली घेतला. "मी तक्रार देणारच," ते म्हणाले, पण आवाजातली हवा गेली होती.

"जरूर द्या. मी साक्षीला येते. चोरीचा माल दिवसभर कोणी सांभाळला, तेही मला सांगावं लागेल. तुमच्या सगळ्या पाहुण्यांकडे फोटो आहेतच."

संग्रहालयवाल्या बाई काठी टेकत टेकत आल्या होत्या. त्यांनी कोणाचीच परवानगी घेतली नाही. दोरीखालून वाकून गेल्या, आणि शेपटीवरच्या खवल्यांवर चष्मा लावून इतक्या जवळून बघत राहिल्या, की नाकाला वाळू लागली. मग ताठ उभ्या राहून त्यांनी वाळूबुवांना विचारलं, "तुम्हीच का ते?"

बुवांनी मान डोलावली.

"मी तुम्हाला किती ठिकाणी शोधलं! इतक्या जवळ असाल असं वाटलं नव्हतं." त्यांनी बुवांचे वाळूने माखलेले हात आपल्या हातात घेतले. "मॅनेजर, माझी काही तक्रार नाही. माझा हंस मला मिळाला. आता हे गृहस्थ माझ्याबरोबर येतील का, तेवढं विचारू द्या. मानेची चीर भरायची आहे, आणि त्या साच्यातल्या घोड्यांनाही जरा जीव आणायचा आहे. काम वर्षभर पुरेल."

वाळू झाडायला सगळेच लागले. बुवांनी स्वतःच्या हाताने जलपरीची कंबर सोडवली, आणि आतून आधी पंख दिसला, मग वळलेली मान. मिस्त्रींनी पंखावर हात ठेवला. "इतकी वर्षं ह्याला तेल घालतोय, पण पिसं कधी बघितलीच नाहीत," ते म्हणाले.

उन्हं उतरली तेव्हा ट्रक भरून तयार होता. घोडे, खांब, आणि गोधडीत गुंडाळलेला हंस. संग्रहालयवाल्या बाई त्यांच्या गाडीतून पुढे निघून गेल्या. वाळूबुवांनी कुठूनतरी बूट मिळवून पायांत घातले होते आणि ते त्यांना चावत होते. ट्रकच्या पायरीशी उभे राहून ते तिकीटताईकडे बघत होते.

"तुम्हीपण चला," ते एकदम म्हणाले.

"काय तुमची घाई! एवढ्या वर्षांनी विचारताय, आणि तेही इंजिन सुरू झाल्यावर!" तिकीटताई हसली. मग हसू ओसरलं. "आई अंथरुणावर आहे माझी. तिला कोण बघेल?"

"मग मी नाही जात."

"जा. मला बरं वाटावं असं वाटत असेल तर जा. हंसाला एवढ्या लांब एकटं पाठवू नका."

बुवा चढले. दार लागलं. ट्रक हॉटेलच्या मोठ्या फाटकातून बाहेर पडला आणि समुद्राकाठच्या रस्त्याला लागला. तिकीटताई बागेच्या कठड्याशी उभी राहून बघत होती. मागे चक्रीच्या जागी नुसता गोल सिमेंटचा कट्टा उरला होता.

फौजदारबाई तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"नंबर घेतलात का त्यांचा?"

"घेतला. त्या बाईंनी त्यांना फोन दिलाय. वापरता येतो की नाही, देव जाणे."

"मग करा फोन."

"आत्ता? अहो, आत्ता तर गेले. काय म्हणतील? पहिला फोन त्यांनी करायला नको का?"

"ताई," फौजदारबाई म्हणाल्या, "एक किल्ली मागायला त्या माणसाने इतकी वर्षं घेतली. त्याची वाट बघणार आहात?"

तिकीटताईने फोन काढला. हाताला फोड होते, त्यामुळे आकडे चुकत होते. दोनदा खोडून तिने पुन्हा लावले आणि फोन कानाशी धरला. ट्रक अजून कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबला होता, मागचा लाल दिवा लागलेला. तिथे, खिडकीत, एक हात गडबडीने काहीतरी शोधताना दिसला.

"हॅलो?" पलीकडून घाबरलेला आवाज आला. "काय झालं?"

"काही नाही झालं," तिकीटताई म्हणाली. तिच्या आवाजाला ट्रकच्या खिडकीपर्यंत पोचायला फोनची गरज नव्हती, इतकी ती मोठ्याने बोलत होती. "जेवण कुठे करणार आहात, ते विचारायला केला."

सिग्नल हिरवा झाला. ट्रक वळला आणि दिसेनासा झाला. ती तशीच कठड्याशी बोलत उभी राहिली, आणि फौजदारबाई हळूच आत निघून गेल्या.